पॉवर टिलर आणि जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा हब-अॅक्सल: हंगामापुरती कामचलाऊ दुरुस्ती कशी करायची

कोकणात हब (चाकाचा मधला गोल भाग) आणि अॅक्सल (तो ज्या दांड्यावर बसतो तो) दगा देतात ते बहुधा चिखलणीच्या दिवसांत. रोप २१ ते २५ दिवसांचं झालेलं असतं, मळ्यात पाणी तुंबलेलं असतं आणि टिलरचं एक चाक अॅक्सलवर कट-कट वाजू लागतं. जुन्या मॉडेलचा पार्ट तालुक्याला मिळत नाही. कोल्हापूरहून मागवायचा तर मध्ये आंबा, करूळ नाहीतर आंबोली घाट, आणि पावसात घाटाचा भरवसा कोणी देत नाही. त्यामुळे जुगाड करावा लागतोच. तो करताना एक गोष्ट धरून चाला: अॅक्सल सगळ्यात महाग आणि मिळायला सगळ्यात अवघड, हब त्याखालोखाल, आणि चावी (हब अॅक्सलवर फिरू नये म्हणून दोघांच्या खाचेत बसवायची लोखंडी पट्टी), बुश (भोकात बसवायची नळी), सील, बोल्ट ही किरकोळ. जी काही झीज व्हायची ती किरकोळ भागावर ढकलायची. ज्या जुगाडात किरकोळ भाग वाचतो आणि अॅक्सल खराब होतो, तो कितीही झटपट असला तरी करू नका.

१. चाकामागे काय आहे ते आधी ओळखा

सगळ्या हबना एकच औषध लागू पडत नाही. तीन प्रकार भेटतात.

ओढणारं चाक: पॉवर टिलरची दोन्ही चाकं आणि ट्रॅक्टरची मागची. इथे अॅक्सल फिरतो आणि हब त्याच्यावर घट्ट बसून त्याच्याबरोबर फिरतो. पकड चावीने, षटकोनी अॅक्सलने, आरपार पिनने किंवा लांबीच्या दिशेच्या दातांनी म्हणजे स्प्लाइनने असते. बेअरिंग आत, गिअरबॉक्सच्या बाजूला असतात.

पुढचं चाक: इथे स्टब अॅक्सल स्थिर असतो आणि हब दोन बेअरिंगवर फिरतो. बहुधा टेपर रोलर, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान.

बुशवर फिरणारं पुढचं चाक: बसून चालवायच्या लहान बागेतल्या ट्रॅक्टरना हेच असतं. बेअरिंग नाही, नुसता बुश, आणि बाहेरून सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) किंवा वॉशर-पिन.

पहिल्या प्रकारात चावी आणि भोक झिजतं, दुसऱ्यात बेअरिंग आणि सील जातं, तिसऱ्यात बुश अंडाकृती होतो. लेथवाल्याकडे जायच्या आधी आपला प्रकार सांगता आला पाहिजे, नाहीतर तो "वेल्डिंग मारून देतो" म्हणणार आणि तुम्ही हो म्हणणार.

२. काय जवळ हवं

- पान्हे, सॉकेट, मोठा टॉमी. दोन किंवा तीन पायांचा पुलर
- व्हर्नियर (साधा चालेल), फिलर गेज, खडू
- कानस: एक सपाट, एक चौकोनी बारीक, पॉलिश पेपर १२० आणि ३२० नंबरचा
- जॅक आणि लाकडी ठोकळे
- ब्लो लॅम्प किंवा गॅसची टॉर्च
- की-स्टीलची पट्टी, पितळी शिम शीट (फट भरायचा पातळ पत्रा) ०.०५ आणि ०.१ मिमी, नवे स्प्लिट पिन, ८.८ ग्रेडचे बोल्ट
- ग्रीस, अॅसिटोन, वायर ब्रश
- पकड देणारं रसायन: लॉकटाइट ६३८ किंवा ६६०

कागदांपैकी चेसिस नंबर, मॉडेलचं नाव आणि असेल तर पार्ट कॅटलॉगच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो. बेअरिंग आणि सीलवर कोरलेले आकडे पुसण्याआधी फोटो काढा. बेअरिंगचे आकडे वाचता येणं फार उपयोगी पडतं. ६२०५ मधल्या शेवटच्या ०५ ला ५ ने गुणलं की आतला व्यास २५ मिमी. ६२०६ म्हणजे ३०, टेपर ३०२०५ म्हणजे पुन्हा २५. हे गणित ०४ पासून पुढच्या आकड्यांना चालतं. परदेशी जुन्या ट्रॅक्टरवर मात्र इंची बेअरिंग असतात. एलएम ११९४९ चा आतला व्यास १९.०५ मिमी असतो, म्हणजे पाऊण इंच. त्यावर २० मिमीचं बेअरिंग दुकानदार "जवळपास तेच" म्हणून देईल. ते तेच नाही.

३. यंत्र उचलताना

जांभ्याचा चिरा टेकण म्हणून वापरू नका. वाड्यांमध्ये चिरा हाताशी असतो, दिसायला भक्कम असतो, पण जॅकच्या किंवा अॅक्सलच्या एका टोकाचा भार आला की तो आवाज न करता फुटतो, पावसात भिजलेला तर लवकरच. जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचा. जॅकखालीही फळी घाला, ओल्या मातीत जॅक तिरका होतो. दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडण लावा. टिलरचं इंजिन पुढच्या बाजूला जड असतं, तेव्हा पुढे आधार दिल्याशिवाय चाक काढू नका.

चाकाचा रिम दोन भागांचा असेल, तर हवा पूर्ण सोडून व्हॉल्वची पिन काढल्याशिवाय कोणताही बोल्ट सैल करू नका. कोणता बोल्ट हबचा आणि कोणता रिमचे दोन भाग धरणारा हे चिखलात कळत नाही.

आणि टायर चढवलेला असताना रिमवर किंवा त्याला जोडलेल्या हबवर ना वेल्डिंग, ना टॉर्च. हवा काढली म्हणून चालत नाही. आतलं रबर तापून वायू तयार होतो आणि टायर फुटतो. यात माणसं मेलेली आहेत.

४. दुखणं नेमकं कुठे आहे

चाक उचलून वर-खाली धरून हलवा. दुसऱ्याला हबजवळ बघायला बसवा. हब अॅक्सलवर हलतो, की अॅक्सलच हबसकट हलतो? पहिलं असेल तर चावी, भोक नाहीतर बोल्ट. दुसरं असेल तर आतलं बेअरिंग गेलंय, आणि बाहेरून कितीही शिम घाला, उपयोग शून्य. पुढचं चाक डावी-उजवीकडे हललं पण वर-खाली हललं नाही, तर तो प्ले स्टिअरिंगच्या सांध्यांचा आहे, हबचा नव्हे.

ओढणाऱ्या चाकासाठी खडूची परीक्षा सोपी आहे. अॅक्सलच्या टोकापासून हबवरून रिमपर्यंत एक सरळ रेघ मारा. पुढे-मागे गिअर टाकून दहा-बारा हात चालवा. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले, तर चावीत खेळ आहे. अॅक्सल आणि हबमधली रेघ जागच्या जागी आहे पण हब आणि रिममधली सरकली, तर चाकाचे बोल्ट ढिले आहेत आणि तुम्ही उगाच हब खोलणार होतात.

अॅक्सल वाकलाय का हे बघायला जमिनीत काठी रोवून तिला तार बांधा. तारेचं टोक अॅक्सलच्या टोकाला जेमतेम लागेल असं ठेवा आणि चाक हाताने फिरवा. फट कमी-जास्त झाली तर अॅक्सल वाकडा. अॅक्सल सरळ आणि फक्त रिम लचकत असेल तर रिम वाकडा. चिखलणीच्या लोखंडी चाकाला थोडी लचक असतेच, ती सोडून द्या.

५. अडकलेला हब काढणं

खाडीकाठच्या खाजणात राबलेल्या यंत्राचा हब गंजाने अॅक्सलशी एकजीव झालेला असतो. घाई केली तर इथेच अॅक्सलचं टोक पसरतं आणि दोनशे रुपयांचं काम दोन हजारांवर जातं.

अॅसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं) तेल निम्मं-निम्मं करून सांध्यात सोडा आणि रात्रभर ठेवा. अॅसिटोन पेटतं, म्हणून ते उडून जाईपर्यंत आणि सांधा पुसून कोरडा करेपर्यंत टॉर्च जवळ आणू नका. दुसऱ्या दिवशी सेट स्क्रू आणि आरपार पिन आधी शोधून काढा. रंगाखाली आणि ग्रीसखाली त्या लपतात, आणि पिन तशीच ठेवून पुलर लावला की हबचा कान तुटतो. टोकाला आटे असतील तर नट उलटा धरून टोकाशी सपाट होईल इतका चढवा, म्हणजे पुलरचा जोर आट्यांवर येणार नाही. पुलर ताणून ठेवा आणि हब बाहेरून गरम करा. अॅक्सल नाही, फक्त हब, चारही बाजूंनी फिरवत. तापवताना सीलचा विचार करा. सील हबच्या मागेच असेल तर ते जळणार, नवं आणून ठेवा. ताण असताना हबवर बाजूने दोन ठोके मारले की टक्कन सुटतो. अॅक्सलच्या टोकावर घण मारायचा नाही. तो धक्का सरळ आतल्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या झाकणावर जातो.

६. चावी आणि चावीचा गाळा

दहातली बहुतेक प्रकरणं इथली. चिखलात पुढे-मागे, पुढे-मागे करत टिलर वळवला की प्रत्येक वेळी चावीला दोन्ही बाजूंनी ठोका बसतो. हबचा नट थोडा जरी ढिला असेल तर चावी गाळ्यात म्हणजे तिच्या खाचेत डोलते, गाळा तोंडाशी रुंद होतो आणि मग चावी लोळते.

नवी चावी करायची तर मापं पक्की माहीत हवीत. मेट्रिक अॅक्सलला साधारण अशी असतात:

- १७ ते २२ मिमी अॅक्सल: चावी ६×६, अॅक्सलमधला गाळा ३.५ मिमी खोल
- २२ ते ३० मिमी: ८×७, खोली ४ मिमी
- ३० ते ३८ मिमी: १०×८, खोली ५ मिमी
- ३८ ते ४४ मिमी: १२×८, खोली ५ मिमी

एक इंची अॅक्सलला पाव इंची म्हणजे ६.३५ मिमीची चावी लागते. तिथे ६ मिमीची चावी हाताने आत जाते, छान बसल्यासारखी वाटते आणि लवकरच गाळा खाऊन टाकते. अशा अॅक्सलला ८ मिमीच्या पट्टीतून कानसीने ६.३५ काढून घ्या.

चावी बाजूंनी घट्ट हवी, हलक्या हातोडीने जाईल इतकी. वरून मात्र तिला केसभर जागा हवी. वरून ठासून बसवली तर हब एका बाजूला सरकतो आणि चाक लंगडतं.

चावी कशाची करायची? की-स्टीलची. ते नसेल तर साधी चौकोनी मऊ लोखंडी सळी. जुन्या कानसीचा तुकडा, स्प्रिंगचा पाटा किंवा बेअरिंगची रेस घासून केलेली चावी कडक असते. ती तुटत नाही, पण त्यामुळेच गाळा फाटतो. चावीने आधी मरायचं, तिचं कामच ते.

गाळा रुंद झाला असेल तर तीन मार्ग आहेत, मी देतोय त्याच क्रमाने बघा.

पहिला, हबची अदलाबदल. पुढे ओढताना गाळ्याची एकच भिंत झिजते. डाव्या बाजूचा हब उजवीकडे नेला की झिजलेली भिंत रिव्हर्सच्या बाजूला जाते आणि न झिजलेली भिंत ओढायला येते. फक्त हब बदलायचे, टायर नाहीत. टायर बदललात तर नक्षीची व्ही उलटी होऊन चिखलात पकड जाते. हब रिमला वेल्ड केलेला असेल तर हा मार्ग बंद.

दुसरा, जागा बदलणं. ज्या टिलरचा हब अॅक्सलवर आत-बाहेर सरकवून चाकांमधलं अंतर बदलता येतं, तिथे हब न झिजलेल्या भागावर सरकवा. दोन्ही बाजू सारख्याच सरकवा. बाहेरच्या बाजूला सरकवणार असाल तर अॅक्सलवरचा वाकवणारा भार वाढतो हे लक्षात ठेवा, त्यामुळे जमलं तर आत.

तिसरा, पायरीची चावी. अॅक्सलमधला गाळा ८ चाच आहे पण हबमधला १० झालाय, तर खालचा अर्धा ८ आणि वरचा अर्धा १० अशी चावी करा. आधी हबमधला गाळा चौकोनी कानसीने सरळ करून घ्या. वाकड्या भिंतीला कोणतीही चावी फक्त एका टोकाला टेकते. लेथवर हे अर्ध्या तासाचं काम आहे, हाताने कानस मारून दुपार जाते.

हबमध्ये जागा असेल तर लेथवाल्याकडून जुन्या गाळ्यापासून ९० अंशांवर नवा गाळा पाडून घेणं हा पक्क्याच्या जवळचा इलाज. खेर्डी, मिरजोळे, कुडाळ इथल्या एमआयडीसीत स्लॉटिंग करणारे मिळतात. जूनमध्ये त्यांच्याकडे सगळ्यांचेच हब पडलेले असतात, सकाळी लवकर जा.

षटकोनी अॅक्सलचे कोपरे गोल झाले असतील तर ०.५ मिमीपर्यंतची पत्र्याची पट्टी सपाट बाजूंवर देऊन हंगाम काढता येतो. पट्टी भोकाच्या दोन्ही टोकांना बाहेर दुमडा, नाहीतर सरकून बाहेर येते.

फट असलेले, बोल्टने आवळायचे हबही असतात. बोल्ट कितीही आवळला तरी पकड येत नाही, तेव्हा आधी फट बघा. ती पूर्ण मिटली असेल तर बोल्ट फक्त लोखंडाला लोखंड दाबतोय. करवतीने फट एखादा मिलिमीटर मोठी करा. अनेकदा एवढ्यानेच काम होतं.

७. हबचं भोक सैल झालंय

अॅक्सल आणि भोक दोन्ही तीन-तीन जागी, आडवं आणि उभं, मोजा. भोक अंडाकृती असेल तर मोठं माप धरा.

फरक ०.२ मिमीपर्यंत असेल तर लॉकटाइट ६३८, त्याहून जास्त पण ०.५ च्या आत असेल तर ६६०. बाटलीवर लिहिलंय तसंच करा, विशेषतः साफसफाई. दोन्ही पृष्ठभाग वायर ब्रशने गंज काढून अॅसिटोनने पुसा. रॉकेल किंवा डिझेलने पुसलं तर तेलाचा पापुद्रा राहतो आणि औषध पकडत नाही. चावी बसवूनच लावा, औषध चावीच्या जागी नाही, चावीच्या मदतीला आहे. २४ तास हलवायचं नाही. पुढे कधी काढायचं झालं तर हब चांगला तापवावा लागेल.

औषध नसेल तर पितळी शिम. पट्टी भोकाच्या पूर्ण लांबीची, चावीपाशी कापलेली, एकाच जाडीची. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो आणि अडचणीला चालतो, पण अॅल्युमिनियम चिखलात लवकर कुटून जातं. एका दिवसाचं काम म्हणा.

अॅक्सलवर सेंटर पंचाने ठिपके मारून जागा "फुगवायची" पद्धत सगळीकडे दिसते. ठिपक्यांची टोकं तासाभरात चेपतात आणि अॅक्सल कायमचा खराब होतो. करू नका.

फरक ०.५ च्या पुढे गेला तर बुश घाला. हब बोअर करून निदान ३ मिमी जाडीचा पोलादी बुश, ५० मिमी बाहेरच्या व्यासाला ०.०३ ते ०.०५ मिमी घट्ट. बुश रात्रभर फ्रीजरमध्ये आणि हब १५० अंशांच्या आसपास तापवलेला, म्हणजे हाताने सरकतो. चावीचा गाळा नंतर बुशमधून पाडायचा. हबची भिंत बोअर केल्यावर फार पातळ राहणार असेल तर लेथवाला नको म्हणेल, त्याचं ऐका.

८. हब तडकला किंवा बोल्टची भोकं लांबट झाली

आधी धातू ओळखा. ग्राइंडर लावून बघा: लालसर, आखूड, विझणाऱ्या ठिणग्या म्हणजे बीड (कास्ट आयर्न), पिवळ्या-पांढऱ्या लांब ठिणग्या म्हणजे पोलाद. ड्रिलचा भुगा पावडरसारखा निघाला तरी बीडच.

बीडाच्या हबला साधा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड मारला की वेल्डिंगच्या शेजारी नवी चीर पडते, कधी थंड होतानाच टिक असा आवाज येतो. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावणार नाही. चीर व्ही आकारात उघडा, निकेल रॉडने २०-२५ मिमीचे छोटे टाके घाला, प्रत्येक टाका गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोका आणि हात लावता येईल इतका थंड झाल्यावरच पुढचा. शेवटी हब भाताच्या तुसाच्या कोरड्या राखेत पुरून ठेवा. ही राख उष्णता धरून ठेवण्यात फार चांगली. दुसऱ्या दिवशी काढा. पाणी ओतून थंड करणारा वेल्डर दिसला तर हब उचलून घरी या.

हबच्या गळ्यालाच चीर असेल तर वेल्डिंगपेक्षा पोलादी कडं चढवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. गळ्याचा व्यास १०० मिमी असेल तर कड्याचं भोक ०.१ मिमीने कमी ठेवायचं. कडं निळसर रंग येईपर्यंत, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास, तापवून पटकन चढवा. थंड होताना ते चीर आवळून धरतं.

चाकाच्या बोल्टची भोकं लांबट झाली असतील तर पोलादी हबवर ती भरून नव्याने पाडा, बीडाच्या हबवर मागून ८ मिमी जाड पोलादी कडी लावून बोल्ट तिच्यातून घ्या. भोकात मोठा बोल्ट घालणं ही अर्धवट सुटका आहे, रिमचं भोक पण मोठं करावं लागतं आणि मग नवा रिम कधीच बसत नाही. एम१२ चा ८.८ बोल्ट साधारण ८० न्यूटन-मीटरला आवळतात, एम१४ साधारण १३० ला. टॉर्क पान्हा नसेल तर फूटभर पान्ह्यावर हाताचा पूर्ण जोर, पाय नाही. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा.

९. पुढचं चाक: बेअरिंग, सील, बुश

हंगामात बेअरिंग जायचं मुख्य कारण पाणी, आणि ते आत कसं शिरतं हे समजून घ्या. रस्त्यावरून चालत आलेला हब गरम असतो. तसाच तो मळ्यातल्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. म्हणून मळ्यात उतरण्याआधी यंत्र दहा-पंधरा मिनिटं बांधावर उभं करा. याला पैसे लागत नाहीत.

सीलने अॅक्सलवर चर पाडली असेल तर नवं सीलही गळणार. सील दोन-तीन मिमी आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ गुळगुळीत जागेवर येतो. चिखलात दोन ओठांचं सील घ्या. स्प्रिंगची बाजू तेला-ग्रीसकडे.

टेपर बेअरिंग बसवताना कप (बाहेरची कडी) आणि कोन (रोलरसकट आतली कडी) जोडीनेच बदला. हब फिरवत-फिरवत नट घट्ट आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट पूर्ण सोडा, पुन्हा बोटांनी आवळा आणि स्प्लिट पिनच्या भोकाशी जुळेल इतपतच मागे घ्या. जेमतेम जाणवेल न जाणवेल इतका प्ले हवा. "घट्ट बरा" म्हणून आवळून ठेवलेलं टेपर बेअरिंग तापून निळं पडतं. स्प्लिट पिन नवाच. बांधकामाची बाइंडिंग वायर त्याला पर्याय नाही.

ग्रीस लिथियमचं, एपी-३ चालेल. बेअरिंगच्या रोलरमध्ये तळहाताने दाबून भरा, हबच्या पोकळीत तिसरा हिस्सा ते निम्मं. ठासून भरलं तर गरम होऊन सील ढकलतं.

बुशवर फिरणाऱ्या चाकाला गनमेटलचा बुश करून घ्या. नायलॉन स्वस्त आणि लेथवर झटपट होतो, पण तो पाणी शोषून फुगतो आणि चाक जुलैत जॅम होतं. नायलॉनच घालायचा तर भोक थोडं मोकळं ठेवायला सांगा.

१०. खुद्द अॅक्सल

टोकाचे आटे गेले असतील आणि अॅक्सल जाड असेल, तर टोकाला मध्यभागी १०.२ मिमीचं ३० मिमी खोल भोक पाडून एम१२ चा आटा पाडा आणि ८ मिमी जाड वॉशर लावून बोल्टने हब धरा. टोक कडक केलेलं असेल तर ड्रिल फिरून जळेल, जोर लावू नका.

किंचित वाकलेला अॅक्सल काढून प्रेसवर थंडच सरळ करता येतो. लाल करून सरळ केला आणि पाण्यात बुडवला तर तो काचेसारखा ठिसूळ होतो. एकदा सरळ केलेला अॅक्सल पुन्हा वाकला तर तो संपला.

झिजलेला अॅक्सल वेल्डिंगने भरायचा असेल तर तो लेथवाल्याकडे, काढून, आणि ७०१८ रॉडने. हे रॉड कोकणच्या हवेत ओलावा धरतात. ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजलेले किंवा ताजं हवाबंद पाकीट फोडलेलेच वापरायला सांगा. अॅक्सल आधी २०० अंशांच्या आसपास तापवलेला हवा, पाण्याचा थेंब टाकला तर तो चरचरून उडण्याऐवजी गोळा होऊन नाचला पाहिजे. टाके लांबीच्या दिशेने, एक या बाजूला तर पुढचा बरोबर समोर, नाहीतर अॅक्सल केळ्यासारखा वाकतो. मग राखेत थंड, मग टर्निंग. पावसात वीज कमी दाबाने येते तेव्हा टाका वरवर बसतो. जनरेटर नसेल तर थांबा.

हब अॅक्सललाच वेल्ड करून टाकायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देणारच. अॅक्सलच्या पोलादात कार्बन जास्त असतो, थंड अॅक्सलवर टाका मारला की त्याच्या शेजारची कड कडक होते आणि वळणावर बरोबर तिथेच मोडते. सील जळतं, हब पुढे कापूनच काढावा लागतो. मळा अर्ध्यात अडकलाय, हब पोलादी आहे आणि दुसरा इलाज नाही, तर समोरासमोर दोनच टाके, प्रत्येकी १०-१५ मिमी, ग्राइंडरने काढता येतील असे. अर्थिंगचा चिमटा त्याच हबवर लावा. तो चेसिसला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर खड्डे पडतात.

अॅक्सलला आडवी चीर दिसली तर जुगाडाचा विषय संपला. दुसऱ्याचा टिलर भाड्याने आणा.

११. जोडल्यावर आणि पुढचा महिना

पहिली दहा मिनिटं भाराशिवाय चालवा आणि हबला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर खोला. बोल्ट एका तासाने पुन्हा आवळा, नंतर आठ-दहा तासांनी, आणि नटवर रंगाची रेघ मारून ठेवा म्हणजे सकाळी नुसतं बघून कळतं.

कामचलाऊ हबवर ट्रॉली जोडायची नाही. लोखंडी चाकं घालून डांबरी रस्त्यावर वळायचं नाही. गडग्यावर किंवा बांधावर तिरकं चढलं की सगळं वजन एका चाकावर येतं, तेव्हा फळी टाकून सरळ चढा. टिलर वळवताना एकच क्लच दाबून जागच्या जागी गरकन फिरवण्याऐवजी मोठं वळण घ्या.

खाजणातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा फवारा सीलवर मारू नका. मागच्या हबपाशी गिअर ऑइल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, त्याच दिवशी बदला.

पक्का पार्ट लावणी आटोपताच मागवा. ऑगस्टमध्ये दुकानदार आणि लेथवाला दोघेही मोकळे असतात. मागवताना चेसिस नंबर द्या, आणि जुना हब भंगारात घालू नका. माप काढायला तोच लागतो.